इनासकाका आणि डोळ्यांची गाडी

इनासकाका आमच्या गाडीत पहिल्यांदा शिरले आणि सरळ जमिनीवर उताणे पडले. ना नमस्कार, ना काम काय आहे याची चौकशी. अंगात पांढरी बनियन, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, पाय अनवाणी. पडल्या पडल्याच मला म्हणाले, "खिडक्यांना कालं कापड लाव. दार भायेरून लाव. आनि मी हाक मारीन तवर उघडू नको."

ऑक्टोबरचं ऊन होतं आणि गाडीचा पत्रा हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. मी बाहेर उभी राहून पंधरा मिनिटं मोजली. आत हालचाल नाही, आवाज नाही. साठीच्या पुढचा माणूस, आत भट्टी. घाबरून मी दार उघडलं तर घामाने निथळत ते गुडघ्यांवर बसले होते आणि हातात निळा खडू होता. भिंतींवर, छताला, बाकांखाली, दाराच्या कडेला निळी वर्तुळंच वर्तुळं.

"सदतीस," ते म्हणाले. "सदतीस ठिकानी उजेड दिसला. जिथून उजेड तिथून धूल. हाक मारली न्हाय तरी का उघडलंस? अजून चार-पाच भेटली असती."

ती गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आमची एक छोटी धर्मादाय संस्था होती, भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांचं ऑफिस. कुणा दात्याने ही बस दिली आणि तिच्यातून जव्हारकडच्या पाड्यांवर जाऊन डोळे तपासायचे असं ठरलं. दोन-दोन दिवस तिथेच मुक्काम, म्हणून आत झोपायचे बाक, ओटा, पाण्याची टाकी, औषधांची कपाटं हवी होती. डॉक्टर तिला कॅरव्हॅन म्हणायचे, ड्रायव्हर यादव डब्बा म्हणायचा. आम्ही बाकीचे डोळ्यांची गाडी म्हणायचो. मी नुकतीच चष्म्याचे नंबर काढायचा कोर्स करून तिथे लागले होते. परळ सोडून आम्ही भाईंदरला राहायला येऊन तीन वर्षं झाली होती आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं.

पहिल्या सुताराने आत सनमायका लावून इतकी चकचकीत कपाटं केली की उद्घाटनाचे फोटो फार सुंदर आले. पहिल्याच फेरीत वाडा गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपला आणि कपाटांची दारं उघडून औषधाच्या बाटल्या खाली आल्या. माझी दोनशेच्या वर भिंगांची पेटी उलटली. परत आलो तेव्हा गाडीत सगळ्यावर तांबड्या धुळीचा असा थर होता की नर्स सुमनताईंनी ओट्यावर बोटाने 'नमस्कार' लिहून दाखवलं. मग यादवच म्हणाला, "डोंगरी में एक बुड्ढा है, नाव बनाता है. उसको दिखाओ."

इनासकाका उत्तनजवळच्या डोंगरीचे. जन्म होड्या बांधण्यात गेला. मोटारीचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मना गाडीतलं काय बी कलत न्हाय. पन ही होडीच हाय. खाली पानी नसून खड्डे हायत, येवढंच."

महिनाभर ते रोज डोंगरीहून बसने येत. त्यांनी सनमायक्याची कपाटं उचकटून काढली. फटींमध्ये कापसाची दोरी ठोकून वर राळ भरली, होडीच्या फळ्यांमध्ये भरतात तशी. दाराला जाड रबर बसवलं. प्रत्येक फळीला दोन बोटं उंच कठडा केला. बाटल्यांसाठी लाकडात त्यांच्या मापाची भोकं पाडली, म्हणजे बाटली कमरेपर्यंत आत बसते. खण नुसता ओढून उघडायचा नाही, आधी वर उचलायचा, मग ओढायचा. "धक्का वरून येईल, खालून येईल, बाजूने येईल. पन उचलून मग ओढनारा धक्का देवाने बनवला न्हाय," ते म्हणाले. माझ्या भिंगांसाठी त्यांनी जुन्या कोटाच्या कापडाचे कप्पे शिवले. ते स्वतः, चष्मा लावून, दाभण घेऊन. दोनशेहून जास्त कप्पे. मी "कशाला एवढं" म्हटलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुना म्हातारीचा नंबर या काचेवर हाय. फुटली तर तिला काय सांगशील? रस्ता खराब व्हता?"

काम संपलं असं मला वाटलं त्या दिवशी त्यांनी हुकूम सोडला. "उद्या पांढरा ड्रेस घालून ये."

दुसऱ्या दिवशी मी पांढरा पंजाबी ड्रेस घालून गेले. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं, खणांत डझनभर कच्ची अंडी ठेवली आणि यादवला उत्तनच्या खाणींच्या रस्त्यावर गाडी घालायला सांगितली. तिथे दगडांचे ट्रक जाऊन जाऊन रस्त्याचं पीठ झालं होतं. अर्धा तास आम्ही त्या पिठातून गचके खात फिरलो. अंडं एकही फुटलं नाही. पण मी उतरले तेव्हा माझी पाठ तांबडी झाली होती. इनासकाका माझ्याभोवती फिरून ड्रेस असा बघत होते, जणू मी त्यात नव्हतेच. गाडी पळते तेव्हा मागे धुळीचा लोट उठतो आणि दाराच्या केसाएवढ्या फटीतूनही गाडी तो आत ओढून घेते, हे त्यांनी माझ्या पाठीवरून शोधून काढलं.

त्यावर त्यांनी जो उपाय केला तो ऐकून डॉक्टर हसले होते. इतके दिवस फटी बुजवणाऱ्या माणसाने गाडीच्या छतालाच मोठं भोक पाडलं. पुढच्या बाजूला तोंड असलेलं, वर तिरकं झाकण, आत कापडाची दुहेरी जाळी. "पुढून चांगला वारा पोटात भरून ठेवायचा. पोट भरलेलं असलं की मागून धूल शिरनार कुठून?" पुन्हा माझा पांढरा ड्रेस, पुन्हा तोच रस्ता. या वेळी पाठ स्वच्छ होती. डॉक्टर हसायचे थांबले.

झाकण आतून एका दांड्याने उघडबंद करता यायचं. पावसात लागेल म्हणून तशी सोय. आम्हा सगळ्यांना त्याच्याखाली उभं करून काकांनी सांगितलं, "पाऊस नसेल तवर हे बंद करायचं न्हाय. बाकी सगलं मी बंद केलंय. गाडीला आता हे एकच नाक हाय." सुमनताई म्हणाल्या, "काका, तुम्ही तर गाडीला माणूसच करून टाकलंत." मीही हसले.

पहिल्या तीन फेऱ्यांना ते स्वतः बरोबर येणार, ही त्यांची अट होती. नवी होडी पाण्यात जाते तेव्हा सुतार होडीत बसतो, म्हणाले. दोन फेऱ्या उत्तम झाल्या. तिसरीत, फेब्रुवारीत, एका पाड्यावरच्या शाळेच्या पटांगणात गाडी उभी होती. सकाळपासून वारा सुटलेला. शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टर आणि मी डोळे तपासत होतो. गाडीत सुमनताई वातीच्या स्टोव्हवर सिरिंज आणि चिमटे उकळत होत्या. धुळीमुळे दार आतून कडी लावून बंद, खिडक्या बंद.

अकराच्या सुमारास मी थेंबांची बाटली आणायला गाडीत गेले. वारा नेमका समोरून येत होता. काकांनी धावत्या गाडीसाठी केलेलं ते तोंड उभ्या गाडीतही वारा गिळत होतं आणि जाळीतून गळून बारीक धूळ नुकत्याच उकळलेल्या ट्रेवर पडत होती. सुमनताई वैतागल्या होत्या. "बघ ना गं, तिसऱ्यांदा उकळतेय मी हे."

मी दांडा ओढला. झाकण बंद केलं. "आता उकळा निवांत," म्हटलं आणि बाटली घेऊन बाहेर पडले. माझ्यामागे त्यांनी कडी लावल्याचा आवाज मी ऐकला.

एवढंच केलं मी. एका हाताने, जाता जाता.

एक वाजता इनासकाका पाणी प्यायला गाडीकडे गेले. त्यांनी दार वाजवलेलं मला व्हरांड्यातून दिसलं. मग ते खिडकीपाशी गेले, काचेला दोन्ही हात लावून आत बघितलं आणि दुसऱ्याच क्षणी टायरजवळच्या आपल्या पिशवीतून लाकूड तासायचा वाकस काढून दारावर घाव घालू लागले. स्वतः बंदिस्त केलेलं दार, स्वतः बसवलेलं रबर. तीन घावांत बिजागरं निघाली. मी धावले. सुमनताई ओट्याखाली पडल्या होत्या आणि मला सगळ्यात जास्त काय हादरवून गेलं असेल तर त्यांचा चेहरा. तो पांढराफटक नव्हता. गाल लालबुंद होते, जणू उन्हातून चालून आल्यात आणि आता उठून पाणी मागतील. स्टोव्ह अजून जळत होता. धूर नव्हता, वासही फारसा नव्हता. बंद गाडीत स्टोव्हचा विषारी वायू साठला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

काकांनी त्यांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मग पुन्हा आत गेले, स्टोव्ह विझवला आणि वर बघितलं. बंद झाकणाकडे. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. झाकण मी बंद केलं, हे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. दांडा ढकलून त्यांनी झाकण उघडलं.

सुमनताई वाचल्या. तीन दिवस बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा स्वतःच्या भावाचं नाव त्यांना आठवेना. हळूहळू पुष्कळसं परत आलं, पण उजव्या हाताची थरथर गेली नाही आणि तो अख्खा दिवस त्यांच्या डोक्यातून पुसला गेला तो कायमचा. शिरेत सुई लावताना ज्यांचा हात कधी चुकला नाही, त्या बाईला चहाचा कप दोन हातांनी धरावा लागे. त्यांनी नोकरी सोडली आणि भावाकडे, मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहायला गेल्या.

पंधरा दिवसांनी संस्थेच्या सेक्रेटरींनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. डॉक्टर, यादव, मी आणि काका. काका धुतलेला सदरा घालून आले होते.

"गाडी इतकी बंदिस्त केली कुणी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी केली."

"पण वर हवेसाठी झाकण होतं ना? ते बंद कसं?"

आता काका माझ्याकडे बघतील आणि मला उठून सांगावं लागेल, अशी मी वाट बघत होते. खरंच सांगणार होते, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला पटवत राहिले.

"मीच बंद केलं व्हतं," इनासकाका म्हणाले. "धूल येत व्हती."

ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. सेक्रेटरी बरंच बोलले. होडीच्या सुताराला मोटारीचं काम दिलं हीच चूक झाली, म्हणाले. यापुढे गाडीजवळ फिरकायचं नाही, असं बजावलं. काकांनी मान डोलावली आणि एकच मागणी केली, "जायच्या आदी एक दिवस गाडी द्या. एक काम राहिलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या दारात खाली आणि बाकांच्या मागे वर असे चार आडवे झरोके कापले. आत बारीक जाळी, बाहेर तिरक्या पट्ट्या. त्यांना ना दांडा, ना झडप. मी जवळ जाऊन उभी राहिले. "काका, तुम्ही खोटं का बोललात?"

ते पट्टी ठोकत राहिले. "धूल आली की मानूस झाकन लावनारच. तू न्हाय तर दुसरं कोनतरी. मना ते ठावं पायजे व्हतं. बंद करता येईल असं नाक मी केलं, ही चूक माझी." मग हात थांबवून म्हणाले, "आता कुनी बंद करू म्हटलं तरी व्हनार न्हाय."

मी रडायला लागले. त्यांनी मला समजावलं नाही. हत्यारं पिशवीत भरता भरता एवढंच म्हणाले, "हापिसात सांगायचं तर सांग, न्हाय तर नको सांगू. पन सुमनबाईला सांग."

मी "हो" म्हटलं.

आणि दोन वर्षं सांगितलं नाही. कारणं भरपूर होती. त्यांना दिवस आठवतच नाही, मग कशाला उकरायचं. त्यांची तब्येत नाजूक, धक्का बसेल. काकांनी स्वतःच चूक मान्य केली आहे. शेवटचं कारण सगळ्यात सोयीचं होतं. इनासकाका म्हणजे देवमाणूस, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. घरी, मैत्रिणींत, कुणाचं नाव न घेता त्यांची गोष्ट मी सांगायचे आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. माझेही.

मग एकदा मीरा रोड स्टेशनबाहेर सुमनताई अचानक समोर आल्या. केस पांढरे झालेले, उजवा हात पदरात गुंडाळलेला. त्यांनी ओढून मला घरी नेलं. चहा भावजयीने केला. बोलता बोलता मी विचारलं, "इनासकाका कधी भेटतात का हो?"

त्यांचा चेहराच बदलला. "नाव काढू नकोस त्या माणसाचं. दर महिन्याला यायचा. पहिल्या शनिवारी. सुके बोंबील घेऊन यायचा, दारात उभा राहायचा. मी काय काय बोलले असेन त्याला! माझ्या हाताचं वाटोळं केलंस, म्हटलं. तुझ्या पोरीच्या बाबतीत झालं असतं म्हणजे कळलं असतं, म्हटलं. खाली मान घालून ऐकायचा. उलट शब्द नाही. पुढच्या महिन्याला परत हजर. शेवटी गेल्या पावसाळ्यात मी बोंबील त्याच्यासमोर जिन्यावरून खाली फेकले. ते वेचून घेऊन गेला. तेव्हापासून आला नाही."

मी कप खाली ठेवला.

मी सांगितलं. सगळं, दांड्यापासून ऑफिसपर्यंत. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल. मला डोंगरीला घेऊन चल. आत्ता."

काकांचं घर चर्चच्या मागच्या आळीत होतं. ते ओट्यावर बसून जाळ्याला शिशाच्या गोळ्या बांधत होते. होडीचं काम कमी झालं होतं. गाडीत बाई मरता मरता वाचली ही बातमी गावात पोचली होती आणि त्यांच्या हातची होडी घ्यायला लोक कचरत होते, हे मला नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं. आम्हाला बघून ते गडबडीने उठले, सदरा शोधू लागले. सुमनताई पुढे गेल्या आणि काही कळायच्या आत त्यांच्या पायांवर वाकल्या. काका असे मागे सरकले की जाळं पायात अडकून पडायचेच.

"उठा बाई, उठा. असं नका करू."

"मी तुम्हाला काय काय बोलले हो," सुमनताई रडत होत्या. "सांगायचं नाही तुम्ही?"

"माझं न्हवतं ते सांगायचं," काका म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. मी तयारी करून गेले होते. मला वाटलं होतं ते हसतील, डोक्यावर हात ठेवतील, झालं गेलं विसर म्हणतील. दोन वर्षं मनात मी तेच तर त्यांच्या तोंडी घालत आले होते.

त्यांचे डोळे लाल झाले होते. इनासकाकांना रागावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"किती उशीर केलास गं," ते म्हणाले. "चौदा महिने मी त्या जिन्यावर जाऊन शिव्या खाल्ल्या. दर टायमाला वाटायचं, आज तू सांगितलं असशील, आज ही बाई दार उघडून आत बोलवेल. माझं नाव गेलं, काम गेलं. मना काय वाटलंच न्हाय असं समजलीस? मी काय दगडाचा हाय?"

ज्याला दुखत नाही अशा माणसाला आपण देवमाणूस म्हणतो आणि आपलं ओझं बिनघोर त्याच्या पाठीवर टाकून देतो, हे मला तिथे त्या ओट्यासमोर, उभ्या उभ्या कळलं. "चुकले काका," एवढंच म्हटलं.

आतून त्यांची बायको आली. तिने सुमनताईंना धरून ओट्यावर बसवलं. काका पुन्हा जाळं घेऊन बसले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या हापिसात जा. सेक्रेटरीला सांग. मग गावात मी सांगतो माझं मी."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात उभी होते. सांगितलं. माझी नोकरी गेली नाही, ताकीद मिळाली. काकांच्या नावाने संस्थेच्या शिक्क्यानिशी एक पत्र मात्र मी भांडून लिहून घेतलं. ते घेऊन त्याच संध्याकाळी डोंगरीला गेले. काकांनी ते वाचलं नाही, वाचता येत नव्हतं. मला ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचायला लावलं, शेजारचे गोळा होईपर्यंत थांबून. मी सगळं वाचलं. झाकण कुणी बंद केलं होतं, ते नावासकट.